ढील

पहाटे पाचला दाजी पेठेतून निघतो,
रस्त्यावरचे दिवे जायच्या आत.
सहाला गाजुल सरांचा पांढरा झिपऱ्या येतो,
सव्वासहाला दूधवाल्याच्या मागची ती दोघं.
सगळं टिपून ठेवलंय मी
कारखान्याच्या जुन्या हजेरीवहीत,
मागच्या कोऱ्या पानांवर.

कांडी नाव तिचं.
कांड्यांच्या टोपलीत सापडली म्हणून,
सुताच्या गुंत्यात, मुठीएवढी.

तिचं गुरगुरणं मला ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं चोवीस माग,
डावा कान पुरता गेला,
उजव्यात थोडी कुजबुज उरलीय.
गुरगुरणं मला पट्ट्यातून कळतं, तळहाताला,
तुटायच्या आधी ताणा थरथरतो तसं.

झिपऱ्याचा कान तिनं फाडला तेव्हा
चार टाके पडले, बाराशे रुपये मी दिले.
सर काही बोलले नाहीत.
बाईंनी दार लावून घेतलं.
मग गल्लीचे सल्ले. काठी ठेव.
तिखटाचं पाणी मार. गच्चीवर बांधून घाल.
नरसूबाई विडीचं पान कातरता कातरता
ओठ मोठे करून म्हणाली,
सोड की बे हायवेला नेऊन, कुणी सांगितलंय?

एकदा मी चप्पल हाणली.
तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
समोरच्या कुत्र्याकडेच बघत राहिली,
मारणारा जणू तोच.

दवाखान्यात बारकी पोरगी, डॉक्टरीण,
माझ्याशी कागदावर बोलली:
‘काका, दुसरा कुत्रा दिसला की
आधी पट्टा कोण ओढतं?’
कागद घडी करून खिशात कोंबला. रागच आला.
दुसऱ्या दिवशी मात्र
कुत्र्याऐवजी स्वतःचा हात बघितला.
खांबापलीकडे एक मरतुकडं उकिरड्यात तोंड घालून,
कांडीला अजून वासही नाही,
आणि माझी मूठ वळलेली, शिरा वर.
ताण वाढला की सूत तुटतं बे,
असं किती पोरांना शिव्या घालून शिकवलं मी.

आता चाळीस पावलं.
चाळीसला ती बघते, पण तोंड उघडं असतं.
तीसला तोंड मिटतं, शेपटीची काठी होते.
पंचवीसच्या आत ती माझी राहत नाही.
म्हणून चाळीसलाच थांबायचं.
कुत्रा दिसला की शेंगदाणा, भाजलेला, बिनमिठाचा.
कुत्रा गेला की खिसा बंद.
मध्ये उभी रिक्षा असली तर तिच्या आड जायचं.
नाहीतर सरळ वळायचं माघारी,
घरी काहीतरी विसरल्यासारखं.

एक गोष्ट डॉक्टरणीला लिहून दिली नाही.
पाच महिन्यांची होती कांडी.
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या फाटकाशी,
मी चहा पीत होतो, पाठमोरा.
तिघांनी तिला गटारात दाबलेलं.
ओरडली असेल.
चहावाल्यानं खांद्याला हात लावला तेव्हा वळलो.
किती वेळ, हे त्याला
आजपर्यंत विचारलेलं नाही.

काल कन्ना चौकाच्या अलीकडे झिपऱ्या आला,
शिवलेला कान एका बाजूला कललेला.
सर जागीच थांबले. पस्तीस पावलं असतील.
मी एकेक बोट सैल केलं.
पट्टा मधोमध खाली आला,
वाळत घातलेल्या टॉवेलच्या दोरीसारखा.
कांडीनं त्याला बघितलं.
मग मला.
शेंगदाणा देताना हात कापला माझा.
सरांनी लांबून हात वर केला, नुसताच.
मीही केला.

आज पुन्हा दूधवाल्याच्या मागच्या दोघांवर झेपावली.
बंद शटरला कोपर सोलून निघालं माझं.
वहीत लिहिलं: सव्वासहा, निघायला उशीर,
चूक जॉबरची.

घरी येऊन ती पाण्याच्या घमेल्यात
पुढचे दोन पाय बुडवून उभी राहिली.
मी तिच्या बरगडीवर हात ठेवला.
आत अजून चालू होतं,
मग हळू, मग आणखी हळू,
वीज गेल्यावर
शेवटचा धोटा जातो तसं.